नटीचा हट्ट नव्हे, श्रमिकाचा लढा

मराठी चित्रपटाच्या इतिहासाने शांता आपटे यांच्यावर एक अन्याय केला आहे. जुलै १९३९ मध्ये पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाशी त्यांनी केलेले उपोषण आजही एका मानी नटीचा हट्ट म्हणून रंगवून सांगितले जाते. वेतन आणि करार यांच्या वादातून गिरणीच्या फाटकाशी कोणी अन्नत्याग केला असता, तर त्यास श्रमिकाचा लढा म्हटले गेले असते. स्टुडिओच्या फाटकाशी तोच हट्ट कसा ठरतो?

‘कुंकू’ (१९३७) मधील नीरा लादलेला जरठ विवाह नाकारते, तेव्हा प्रेक्षक भारावतो. तीच अभिनेत्री आपल्या श्रमांवर लादलेल्या अटी नाकारते, तेव्हा मात्र तिच्या स्वभावाची चिकित्सा सुरू होते. पडद्यावरचे बंड तिकिटाने विकले जाते. फाटकावरचे बंड मालकाला महाग पडते!

प्रश्न व्यक्तींच्या चांगुलपणाचा नाही. शांताराम, दामले, फत्तेलाल हे स्वतः बाबूराव पेंटर यांच्या कंपनीत राबलेले कलावंत. तेथून बाहेर पडूनच त्यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात’ उभारली. त्यांची कलादृष्टी वादातीत आहे. परंतु उत्पादनाची साधने हाती आली की कालचा कारागीरही मालकाच्या हिशेबाने विचार करू लागतो. १९४० मधील ‘जाऊ मी सिनेमात?’ या पुस्तकात शांताबाईंनी सिनेमाकडे ओढल्या जाणाऱ्या तरुणींपुढे झगमगाटामागील श्रमांचे आणि पैशाच्या सत्तेचे वास्तव मांडले.

हॉलिवूडमध्येही हेच घडत होते. वॉर्नर ब्रदर्सच्या कराराविरुद्ध उभ्या राहिलेल्या बेटी डेव्हिस १९३६ मध्ये लंडनच्या न्यायालयात हरल्या. त्याच कंपनीविरुद्ध ऑलिव्हिया डी हॅविलँड १९४४ मध्ये जिंकल्या, कारण सात वर्षांपलीकडे करारात बांधून ठेवण्यास मनाई करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा त्यांच्या बाजूस होता. शांताबाईंपाशी ना असा कायदा होता, ना संघटनेचे बळ. म्हणूनच त्यांना स्वतःचे शरीर पणाला लावावे लागले.

आज कायदा आहे. १९८१ च्या सिनेकामगार कायद्याने लेखी करार बंधनकारक केला. २०२० च्या कामगार संहितेने दृक्‌श्राव्य कामगारांनाही त्या तत्त्वाखाली आणले. परंतु मीरा रोड, काशिमिरा, घोडबंदर परिसरातील मालिकांच्या सेटवर राबणाऱ्या लाइटमनला, स्पॉटबॉयला, ज्युनिअर आर्टिस्टला विचारा. बारा तासांची पाळी आणि नव्वद दिवसांनी मेहनताना, ही मालिका-धंद्याची रीतच होऊन बसली आहे. मजुराने तीन महिने मालकाला बिनव्याजी कर्ज द्यावे, असा हा व्यवहार! नामवंतांच्या लाखोंच्या कमाईचे दाखले देणारे या उधारीविषयी मौन पाळतात.

एकट्याचे उपोषण मालकाला क्षणभर संकोचात टाकते. त्याची सत्ता हलवीत नाही. ते सामर्थ्य संघटनेचे. मीरा-भाईंदरमधील समाजवादी कार्यकर्त्यांनी पाणी आणि लोकल गाड्यांच्या प्रश्नांबरोबरच या कामगारांच्या वस्तीतही जावे आणि पहिली मागणी एकच करावी: प्रत्येक हाताला लेखी करार, आणि महिन्याचा मेहनताना त्याच महिन्यात. शांताबाईंचे खरे स्मारक तेच होय.