तिमाही नफा आणि खाणीचा हिशेब

भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीज खाणी चालविणाऱ्या 'मॉईल' या सरकारी कंपनीचे भाग डिसेंबर २०१० मध्ये शेअरबाजारात आले. तेव्हापासून दर तिमाहीस नफ्याचा आकडा जाहीर करणे तिला प्राप्त झाले.

हा आकडा जमिनीतून खणून निघत नाही. तो ठरविला जातो. उघड्या खाणीत खनिजावरील मातीखडकाचा थर प्रथम हटवावा लागतो. तो खर्च चालू मानला तर नफा घटतो. उद्याच्या उत्खननाची सोय म्हणून मालमत्तेत धरला तर पुढील वर्षांवर पसरतो. २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झालेल्या नव्या लेखामानकांनी यास कसोट्या घातल्या खऱ्या; परंतु त्यामागील अंदाज व्यवस्थापनाचाच असतो, आणि तिमाही निकालांची बहुधा मर्यादित पडताळणीच होते.

अंतरिम अहवालाचे लेखामानक ३४ धोरणातील बदल सांगावयास लावते. पण कोणाला? गुंतवणूकदाराला! कंत्राटी मजुराचे वेतन 'कर्मचारी खर्चा'त दिसत नाही. ते सामान्यतः इतर खर्चात विरून जाते. हटविलेला खडक मालमत्ता ठरू शकतो. तो हटविणाऱ्याचा मात्र ताळेबंदात मागमूस नाही.

मानके मोडीत काढावीत असे कोणीही म्हणणार नाही. मागणी एवढीच की, निकालाच्या त्याच ४५ दिवसांच्या मुदतीत लेखाधोरणातील बदल, कंत्राटी मजुरांची संख्या, त्यांचे वेतन व अपघात यांचे मराठी निवेदन खाणीच्या फाटकावर लागावे. भागधारकाला जे तीन महिन्यांनी कळते, ते खाणकामगाराला का कळू नये?