आधी शील, मग डोळे मिटा

'शिक्षा' म्हटलं की आपल्याकडे मुलांना अंगठे धरून उभं राहणं आठवतं. पालीतल्या 'सिक्खा'चा अर्थ मात्र सराव, तालीम. आपले 'शिक्षण' आणि 'शिक्षक' हे शब्द त्याच मुळातले. (छडीचा अर्थ त्याला कधी चिकटला कोण जाणे!) बुद्धांनी अशा तीन शिक्षा सांगितल्या: शील, समाधी आणि प्रज्ञा. अष्टांगिक मार्ग यातच सामावतो. सम्यक वाणी, कर्म, आजीविका हे शील. व्यायाम, स्मृती, समाधी ही दुसरी शिक्षा. दृष्टी आणि संकल्प ही प्रज्ञा.

शाळेत यातली मधली शिक्षा लोकप्रिय झाली आहे. महाराष्ट्रात 'मित्र उपक्रमा'तून अनेक शाळांत आनापान पोहोचलं. नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा जाणायचा, बस्स. मंत्र नाही, मूर्ती नाही. उपक्रम चांगलाच आहे. माझी तक्रार आहे ती आपण तो कशासाठी वापरतो याबद्दल. पालकसभेत आपण सांगतो, "एकाग्रता वाढेल, मार्क वाढतील." वर्गात गोंगाट झाला की म्हणतो, "डोळे मिटा, गप्प बसा." म्हणजे समाधीची पुन्हा मराठी अर्थाने शिक्षाच केली की!

इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचं शिबिर असतं, तिथला क्रम बघा. सुरुवातीलाच शील घ्यावं लागतं. मग तीन दिवस आनापान आणि चौथ्या दिवशी विपश्यना. लहान मुलांच्या आनापान शिबिरातही आधी पंचशील असतं. कारण साधं आहे. खोटं बोलून आलेलं पोर डोळे मिटून बसलं तरी मन 'सापडलो तर काय' याभोवतीच फिरणार. आणि शीलाशिवाय आलेली एकाग्रता काय कामाची? पाकीटमाराकडे ती आपल्यापेक्षा जास्त असते.

शील शिकवायचं कसं, याचा एक फार सुंदर पाठ मज्झिम निकायात आहे. राहुल हा बुद्धांचाच मुलगा, लहानपणीच संघात आलेला. बुद्ध त्याच्याकडे गेले, त्याने दिलेल्या पाण्याने पाय धुतले आणि भांड्यात थोडंसं पाणी ठेवलं. जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्याजवळ साधुत्व एवढंच उरतं, असं सांगितलं. मग ते पाणी फेकलं, भांडं पालथं केलं, पुन्हा सरळ करून रिकामं दाखवलं. शैक्षणिक साहित्य म्हणाल तर एक भांडं! पुढे विचारलं, आरसा कशासाठी असतो? बघण्यासाठी. तसं प्रत्येक काम करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर बघ, याने मला किंवा दुसऱ्याला त्रास होतो का? सम्राट अशोकाने बैराटच्या लेखात भिक्षूंसह उपासकांनीही ऐकावेत म्हणून जे मोजके उपदेश सुचवले, त्यांत राहुलला दिलेला हा खोटेपणावरचा उपदेश आहे.

यात रागावणं नाही, पण सूटही नाही. आणि हा आरसा आधी आपल्याकडे वळतो. तपासणीच्या दिवशी "साहेबांनी विचारलं तर असं सांगा" म्हणून मुलांना पढवणारे गुरुजी-बाई सकाळी मूल्यशिक्षणाचा तास घेतात, तेव्हा मुलं नेमकं काय शिकतात? घरी "बाबा नाहीत म्हणून सांग" हेही त्यातलंच.

प्रज्ञेचे तीन प्रकार सांगितले आहेत: ऐकून आलेली, विचार करून आलेली आणि स्वतःच्या अनुभवातून उतरलेली. आपल्या चाचण्या पहिलीवरच संपतात. दुसरीसाठी मुलाला उलट प्रश्न विचारू द्यावे लागतात, आणि ते आपल्याला फारसं रुचत नाही, खरं ना?

काही पालक विचारतात, हे धर्माचं शाळेत कशाला? चोरी करू नये, खोटं बोलू नये यावर कुणाला हरकत असेल असं वाटत नाही. पण हे बुद्धांचं आहे, हे लपवूही नये. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पंचशील म्हटलं जातं. त्यातलं प्रत्येक शील 'सिक्खापद' आहे, म्हणजे 'मी सराव करीन' असं स्वतः घेतलेलं, वरून आलेला हुकूम नव्हे. तुमच्या वर्गात ते पाठ असलेलं एखादं मूल असेलच. त्याला विचारा, चौथं शील कोणतं आणि ते पाळताना सगळ्यात अवघड कधी जातं. मग पाचेक मिनिटं आनापान घ्या.