कर्जदाराच्या घरांतील इंटरनेट : चैन कीं बियाणें ?

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. दहावीचा निकाल लागून थोडे दिवस झाले होते. माझ्या वर्गांतील एका मुलीचे वडील मला भेटावयास शाळेंत आले. त्यांचा धंदा शिवणकामाचा. घरांतील दीर्घ आजारामुळें त्यांस कर्ज झालें होतें. त्यांपैकीं साठ हजार रुपये फिटावयाचे होते. व्याज शेंकडा चोवीस, आणि हप्ता दरमहा तीन हजारांचा. मुलीनें पुढें काय शिकावें ह्याविषयीं ते विचारतील अशी माझी अपेक्षा होती; परंतु त्यांनीं निराळाच प्रश्न केला. ते म्हणाले, "सर, घरीं इंटरनेट घेतलेलें आहे. चारशें रुपये आकार आणि त्यावर शेंकडा अठरा कर, मिळून महिना ४७२ रुपये जातात. डोक्यावर कर्ज असतां हा खर्च करूं नये, असें आमचे थोरले बंधु म्हणतात. तोडून टाकूं काय ?"

मीं क्षणाचाही विलंब न लावतां उत्तर दिलें, "अवश्य तोडा. ऋण काढून सण करूं नये." त्यांनीं त्याच आठवड्यांत जोडणी बंद केली.

त्या उत्तराचा मला आज पश्चात्ताप होतो. तो कां होतो, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढ्यासाठींच हा लेख लिहिला आहे.

जोडणी गेल्यावर त्या घरांत एकच फोन उरला. तो सकाळीं वडिलांबरोबर दुकानांत जाई आणि रात्रीं उशिरां घरीं येई. मुलीनें शिष्यवृत्तीचा अर्ज बाजारांतील एका दुकानांतून भरला होता. त्यास जोडलेला एक दाखला अस्पष्ट निघाला, आणि तो पुन्हां पाठविण्याविषयींची सूचना संकेतस्थळावर आली. ती सूचना मुलीच्या दृष्टीस पडली, तेव्हां मुदत संपून सहा दिवस झाले होते. मधल्या तीन महिन्यांत त्या कुटुंबानें १,४१६ रुपये वाचविले होते. त्या एका सूचनेपायीं जी रक्कम हातची गेली, ती ह्याच्या कित्येक पट होती. दोष त्या मुलीचा नव्हता, आणि तिच्या वडिलांचाही नव्हता. प्रश्न पुरता न ऐकतां एक म्हण पुढें करणाऱ्या शिक्षकाचा तो दोष होता.

माझी चूक कोठें झाली, ह्याचा मीं पुष्कळ विचार केला. मी इंटरनेट हा सण समजलों होतों. एके काळीं तसें समजणें वावगें ठरलें नसतें. भारतांत सर्वसाधारण लोकांस ही सोय प्रथम १५ ऑगस्ट १९९५ रोजीं खुली झाली, आणि त्यानंतर पुष्कळ वर्षें ती थोडक्या घरांचीच चैन होती. सांप्रतची स्थिति तशी नाहीं. शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशपरीक्षेचें प्रवेशपत्र, शेतकऱ्याचा सातबारा, हीं कामें आतां ह्याच वाटेनें होतात. २०२५-२६ ह्या वर्षापासून अकरावीचा प्रवेशही सबंध महाराष्ट्रांत ह्याच पद्धतीनें होऊं लागला. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळांचे दरवाजे बंद झाले, त्या वेळीं ज्या घरीं हें साधन नव्हतें, त्या घरच्या मुलांचें शिक्षणच थांबलें, हें आम्हां शिक्षकांस विसरतां येत नाहीं. केरळच्या उच्च न्यायालयानें सप्टेंबर २०१९ मध्यें एका विद्यार्थिनीच्या अर्जावर निकाल देतांना, इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे, असें म्हटलें. अर्थात् हक्क मान्य झाल्यानें महिन्याचें बिल चुकत नाहीं. तें देणारास दमड्या मोजाव्याच लागतात.

कर्जदारानें काय राखावें आणि काय सोडावें, हा प्रश्न मात्र आजचा नव्हे. आपल्याकडील दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची आहे. कर्जदाराच्या कोणत्या वस्तूंवर जप्ती आणतां येत नाहीं, तें तिच्या साठाव्या कलमांत सांगितलें आहे. जरूर ते कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण-पांघरूण, कारागिराचीं हत्यारें, आणि शेतकऱ्याच्या चरितार्थास लागतील तेवढीं अवजारें, गुरें व बियाणें, हीं त्या यादींत आहेत. इंटरनेटचें नांव तींत नाहीं. परंतु त्या यादीमागील विचार आपल्या प्रश्नास लागू पडतो. बियाणें विकून आजचा हप्ता भागेल, पण पुढील सालीं शेत पडीक राहील, आणि मग सावकाराचेंही येणें बुडेल. "शिवणाचें यंत्र विकून कर्ज फेडा," असें त्या गृहस्थांस मीं कधींही सांगितलें नसतें. मग मुलीचें यंत्र कोणतें, हें मीं आधीं विचारावयास हवें होतें.

येथवर वाचून एखादा विद्यार्थी हा अंक आईवडिलांपुढें धरील आणि म्हणेल, "पाहा, इंटरनेट हें बियाणें आहे, असें सरांनींच लिहिलें आहे !" त्यानें घाई करूं नये. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि तिचा हिशेब सर्वांनीं कागदावर मांडून पाहावा.

साठ हजारांचें कर्ज, दरमहा दोन टक्के व्याज, आणि तीन हजारांचा हप्ता धरला, तर तें फिटावयास २६ महिने लागतात. तेच ४७२ रुपये हप्त्यांत मिळविले, तर तें २२ महिन्यांत फिटतें, आणि व्याजाचे तीन हजारांहून किंचित् अधिक रुपये वाचतात. म्हणजे जोडणी ठेवणारें घर चार महिने अधिक काळ कर्जांत राहतें. ज्यानें दाराशीं वसुलीचा माणूस उभा पाहिला आहे, त्यास चार महिने म्हणजे काय, तें सांगावयास नको. हा खर्च क्षुल्लक आहे, असें म्हणणारानें हा हिशेब एकदां तरी केला पाहिजे.

आणखी एका घरची हकीकत मला ठाऊक आहे. तेथेंही कर्ज होतें. परंतु थोरल्या मुलाच्या अभ्यासाकरितां म्हणून इंटरनेट राखलें होतें. त्या मुलानें फोनवरूनच कर्ज देणाऱ्या एका ॲपकडून प्रथम थोडे पैसे घेतले, पुढें ते फेडण्याकरितां दुसऱ्याकडून घेतले, आणि रात्रीं पैसे लावून खेळ खेळला. वसुलीसाठीं नातलगांस फोन येऊं लागले, तेव्हां वडिलांस ही गोष्ट प्रथम कळली. रिझर्व्ह बँकेनें २०२२ मध्यें ह्या धंद्यास नियम घालून दिले. कर्जाची रक्कम थेट घेणाऱ्याच्या खात्यांत गेली पाहिजे, आणि सर्व आकार मिळून वर्षाचा खर्च किती पडतो, तें त्यास आधीं कळविलें पाहिजे, असें त्यांत आहे. ऑगस्ट २०२५ मध्यें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदाही झाला. तथापि कायदा झाल्यानें मोह नाहींसा होत नाहीं. ज्या तारेनें शाळा घरांत येते, त्याच तारेनें सावकारही येतो, आणि त्यास दार ठोठवावें लागत नाहीं.

ह्या दोन घरांकडे पाहून मी अशा मतास आलों आहें कीं, इंटरनेटचा खर्च कर्जदारानें करावा कीं करूं नये, ह्याचें सर्वांस लागू पडेल असें एक उत्तर नाहीं. प्रत्येक घरानें तीन प्रश्नांचीं उत्तरें स्वतःच लिहून काढावीं.

पहिला प्रश्न : गेल्या तीस दिवसांत ह्या साधनानें कोणतीं कामें झालीं ? जी मिळकत झाली, जो अर्ज भरला, जो पाठ शिकला, तो एका बाजूस लिहावा. करमणूक दुसऱ्या बाजूस लिहावी. करमणूक वाईट असें मी म्हणत नाहीं. श्रमलेल्या माणसास तीही हवी. परंतु ती कर्जाच्या पैशांनीं विकत घेतों, तेव्हां तिचें नांव अभ्यास असें ठेवूं नये. ४७२ रुपये म्हणजे दिवसाला सुमारें सोळा रुपये. आज तेवढ्याचें काम झालें काय, हें घरांतील लहान मूलही सांगूं शकेल.

दुसरा प्रश्न : तींच कामें ह्याहून थोड्या खर्चांत होतील काय ? घरांत तार आहे आणि प्रत्येक फोनास निराळें रिचार्जही आहे, असें पुष्कळ ठिकाणीं दिसतें. त्यांपैकीं एकानें भागत असेल, तर दुसरें सोडावें. रिचार्जाचा महिना पुष्कळदां २८ दिवसांचा असतो. म्हणून वर्षाला बारा नव्हे, तर तेरा वेळां पैसे भरावे लागतात, हें हिशेबांत धरावें. ज्या आजोबा-आजींस केवळ बोलावयाचें आहे, त्यांनीं इंटरनेटचे पैसे कां द्यावे ? फक्त बोलणें व संदेश ह्यांकरितां निराळें रिचार्ज ठेवावें, असा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणानें डिसेंबर २०२४ मध्यें केला आहे. तें मागून घ्यावें. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेतां येतात. तीं एकदां घेतलीं म्हणजे पुढें वर्षभर इंटरनेटवांचून वाचतां येतात.

तिसरा प्रश्न : ह्या वाटेनें घरांत नवें कर्ज येत आहे काय ? ह्याचें उत्तर 'होय' असें असेल, तर पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें कितीही चांगलीं असोत, तें दार आधीं बंद करावें. बियाण्याच्या पोत्यांत उंदीर शिरला असतां पोतें तसेंच ठेवणें हें शहाणपण नव्हे.

पालकांस एक विनंति आहे. घरचें कर्ज मुलांपासून लपवून ठेवण्याची रीति आपल्याकडे फार आहे. मुलांच्या मनास लागूं नये, हा तींतील हेतु चांगला आहे. परंतु पंधरा वर्षांच्या मुलास कांहीं कळत नाहीं, हा आपला समज खरा नसतो. त्यास कर्ज दिसतच असतें. हिशेब तेवढा दिसत नाहीं. म्हणून तो कधीं फाजील मागतो, आणि कधीं जें मागणें अवश्य आहे तेंही भिऊन मागत नाहीं. ती मुलगी दुसऱ्या प्रकारची होती. सूचना आली असेल, आपण पाहावयास हवी, हें तिच्या मनांत अनेकदां आलें होतें, पण "दुकानांत जाऊन पाहावयास दहा रुपये कोणाकडे मागूं?" असें तिनें मला मागाहून सांगितलें.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठीं कोणी चार महिने अधिक कर्जांत राहत असेल, तर त्या चार महिन्यांचा मोबदला तुमच्या अभ्यासांत दिसला पाहिजे. मित्राच्या घरीं अधिक वेगाची जोडणी आहे, हें कारण कर्जाच्या घरांत पुरेसें होत नाहीं. तुमचें काम किती साधनानें भागतें, हें तुमच्याइतकें कोणासच ठाऊक नसतें. तें खरेपणानें सांगणें, हें तुमच्या वाट्याचें काम आहे.

त्या कुटुंबाचें पुढें काय झालें, तें सांगून हा लेख पुरा करितों. त्यांनीं तार पुन्हां घेतली नाहीं. घरांतील एक जुना फोन दुरुस्त करून मुलीजवळ ठेवला आणि त्यास अगदीं लहान रिचार्ज घातलें. दुसऱ्या वर्षीं तिनें अर्ज वेळेवर भरला, रोज सायंकाळीं सूचना पाहिली, आणि तिला शिष्यवृत्ति मिळाली. पहिल्या वर्षाची गेली ती गेलीच. कर्जाचे आतां दोन हप्ते उरले आहेत.

त्यानंतर असाच प्रश्न घेऊन दोन-तीन पालक माझ्याकडे आले. मी त्यांस 'तोडा' असेंही सांगत नाहीं आणि 'ठेवा' असेंही सांगत नाहीं. हिशेबाची वही घेऊन या, आणि येतांना मुलासही बरोबर आणा, एवढेंच सांगतों.