वारसा केवळ किल्ल्यांचा आणि लेण्यांचाच काय?

‘वारसा’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो, लेणे उभे राहते, एखादे प्राचीन मंदिर, मशीद वा चर्च उभे राहते. तालुक्याच्या गावातील पत्र्याच्या छपराचे वाचनालय आणि त्याला लागूनच हुतात्म्यांच्या स्मरणार्थ बांधलेले सभागृह यांना त्या मालिकेत कोणी बसवीत नाही. म्हणूनच जालना जिल्ह्यातील एका गावी ही जोडवास्तू पाडून तेथे व्यापारी संकुल बांधावे, अशी भाषा सुरू झाली तेव्हा फारसे कोणी दचकले नाही. ‘‘जागा मोक्याची, इमारत मोडकळीस आलेली, वाचक मोजके, यात वारसा तो कसला?’’ असा या मंडळींचा सवाल आहे. सवाल रोखठोक आहे. उत्तरही तसेच दिले पाहिजे.

प्रथम इतिहास पाहू. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या अंमलाखाली होता. तेथे ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमाने सार्वजनिक सभेला पूर्वपरवानगीची अट घातली होती. जेथे चार माणसांनी एकत्र येणेच संशयास्पद ठरते, तेथे लोक वर्तमानपत्राभोवती आणि पुस्तकाभोवती जमतात. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ साली स्थापन झाले. त्याच वर्षी हैदराबादेत तेलुगू भाषकांनी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय उघडले. भाषा दोन, गावे एकमेकांपासून दूर; परंतु दुखणे एकच होते आणि त्यावर दोघांनाही सुचलेला उपायही एकच.

या वाटेवरचा मोठा टप्पा आपल्याच जिल्ह्यात आहे. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. पुढे १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली, हे लक्षात घेतले म्हणजे परतूरच्या त्या बैठकीचे मोल कळते. राजकारणाचे दार बंद असताना भाषा, शाळा आणि वाचनालय या खिडक्यांतून स्वातंत्र्याचा वारा आत आला. आपल्या लहान गावांतील वाचनालये ही त्या खिडक्यांची आजची रूपे होत. पुढे १९८०च्या दशकात शासनाने राज्यभर हुतात्मा स्मारके बांधली. स्मरणासाठी नुसता स्तंभ पुरेसा नाही, लोकांना बसावयास छप्पर हवे, ही जाण त्यांपैकी अनेकांच्या सभागृहांत दिसते.

आमच्या जिल्ह्याला वारशाची चाड नाही, असे मुळीच नाही. २०२२ साली जांब समर्थ येथील मूर्ती चोरीला गेल्या तेव्हा सारा जिल्हा हळहळला, आणि ते योग्यच झाले. २३ सप्टेंबर १८०३ च्या लढाईमुळे असईचे नाव इंग्रजांच्या युद्धेतिहासात कोरले गेले आहे; तेही आपण अभिमानाने सांगतो. मात्र सेनापती जेथे लढले ती भूमी वारसा ठरते आणि सामान्य माणसे जेथे नागरिक झाली ती खोली ‘मोक्याची जागा’ ठरते, हा न्याय कोणता?

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप असा की, या इमारतीत ना शिल्प, ना पुरेसे वय. केंद्राचा १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा किमान शंभर वर्षांची अट घालतो, हे खरे. पण या हिशेबाने १९४८ साली बांधलेल्या भिंतीला २०४८ पर्यंत थांबावे लागेल. आणि पाडणारे तोवर थांबणार नाहीत. शिवाय कायदा एवढाच नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ नुसार ऐतिहासिक व शैक्षणिक मोल असलेल्या वास्तूंच्या जतनाची तरतूद विकास आराखड्यात करता येते. मुंबईने १९९५ साली वारसा वास्तूंसाठी नियमावली केली आणि त्यांची प्रतवारी लावली. मुंबईला जे सुचले ते तालुक्याच्या गावाला वर्ज्य आहे काय? दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या सरकारने तर गावकरी जमवतील तेवढीच रक्कम आपण घालून गावोगाव स्मारक-सभागृहे उभारावयास साहाय्य केले. पुतळ्यांपेक्षा लोकांच्या वापरातले स्मारक बरे, हा त्यामागचा विचार होता. अशा साध्या सभागृहांचे मोल कमानींवरून ठरत नाही. ती कोणासाठी व कशासाठी बांधली, यावरून ते ठरते.

दुसरा आक्षेप मोबाईलचा. ‘‘आता वाचतो कोण?’’ असे विचारणाऱ्यांनी एखाद्या दिवशी अभ्यासिकेत डोकावून पाहावे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी शेतकऱ्यांची व मजुरांची मुलेमुली तेथे तासन्‌तास बसलेली असतात. दोन खोल्यांच्या घरात त्यांना टेबल नाही, शांतता नाही. त्यांच्या हाती मोबाईल आहे, पण मोबाईलमध्ये बसावयास खुर्ची नसते.

तिसरा आक्षेप गोड आहे, म्हणून अधिक घातक. ‘‘संकुलाच्या तिसऱ्या मजल्यावर वाचनालयाला जागा देऊच की!’’ म्हणजे रस्त्यालगत दुकाने आणि पुस्तके जिन्यांच्या शेवटी. सत्तरी ओलांडलेला वृत्तपत्रवाचक तेथवर चढणार नाही, आणि वाचक चढले नाहीत की ‘वाचक येत नाहीत’ असा शेरा मारून तीही जागा भाड्याने देण्यास मोकळीक मिळेल. दुकानांच्या भाड्यातून ग्रंथालय चालेल, असे आश्वासन देणाऱ्यांनी ते करारात लिहून द्यावे. मग त्यांच्या शब्दाचे वजन कळेल.

आम्हा ख्रिस्ती कुटुंबांना याचे काय, असेही कोणी विचारील. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हा ग्रंथ टिकला तो कोणी कोणी जपलेल्या हस्तलिखितांमुळे. त्याची देवनागरी प्रत लंडनच्या ग्रंथसंग्रहात सापडली. एक कपाट जपले जाते तेव्हा नेमके काय वाचते, हे आम्हाला कोणी नव्याने शिकवावयास नको. याहूनही मोठे कारण असे की, गावात मंदिर, मशीद, विहार, चर्च अशी प्रत्येकाची जागा असते; परंतु ज्या दारात कोणी तुमचा धर्म वा जात विचारीत नाही अशी खोली बहुधा एकच असते. ती गेली तर सर्वांत मोठे नुकसान संख्येने थोड्या असलेल्यांचेच होईल.

म्हणून केवळ हळहळून भागणार नाही. ज्या गावी असे वाचनालय आहे तेथील आपल्या प्रत्येक कुटुंबाने त्याचे सभासद व्हावे आणि वार्षिक सभेला हजर राहावे. जुनी दाखल नोंदवही, सभांची इतिवृत्ते, देणगीदारांच्या पाट्या यांची यादी व छायाचित्रे करून ठेवावीत. वारसा सिद्ध करणारा पुरावा हाच असतो. विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात तेव्हा मुदतीत लेखी सूचना द्यावी आणि तिची पोच घ्यावी. छप्पर गळत असेल तर वर्गणी काढून ते प्रथम दुरुस्त करावे, कारण गळते छप्पर हेच पाडणाऱ्यांचे पहिले साक्षीदार असते.

एकत्र बसण्याचा जो हक्क मिळवावयास आपल्या वाडवडिलांना निजामाशी झगडावे लागले, तो आपण दुकानाच्या गाळ्यांसाठी आपल्या हाताने देऊन टाकणार असू, तर हुतात्म्यांची नावे कोरलेली शिला तेथून हलविताना ती कोठे नेऊन ठेवणार, एवढे तरी गावाला सांगावे.