वढूचा फलक आणि मिसिसिपीचा फलक



चिखलीच्या कडेने वाहणारी इंद्रायणी आळंदीवरून तुळापूरला जाते आणि भीमेला मिळते. तिथून वढू बुद्रुक आणि कोरेगाव भीमा जवळच आहेत. आपल्या गावाला लागून वाहणारं हे पाणी महाराष्ट्रातल्या सर्वांत तापलेल्या फलकापाशी जातं, पण चिखली-मोशीतल्या कंपन्यांत राबणाऱ्या आपल्या किती पोरांना हे माहीत आहे?

वढूला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे आणि गोविंद गोपाळ महार यांचीही. १६८९ साली औरंगजेबाने महाराजांची क्रूर हत्या केली, तेव्हा जीव धोक्यात घालून गोविंद महारांनी अंत्यसंस्कार केले, असं आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला. गावातलं शिवले घराणं हा मान आपल्या पूर्वजांचा असल्याचं सांगतं. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस गोविंद महारांचं कार्य सांगणारा फलक लागला. २९ डिसेंबरला तो उखडला गेला, समाधीची नासधूस झाली. तिसऱ्या दिवशी, १ जानेवारी २०१८ ला, विजयस्तंभाला मानवंदना द्यायला निघालेल्या आपल्या आयाबहिणींवर दगड पडले.

एका फलकाची एवढी भीती का वाटावी? कारण त्यावर 'महार' हे नाव सन्मानाने लिहिलेलं होतं. महाराने वेस राखली, मेलेली गुरं ओढली, सांगावे पोचवले, हे सगळं गावाला चालतं. त्याच महाराने राजाच्या देहाला अग्नी दिला म्हटलं की गावाला पुरावा हवा असतो.

पुरावा मागायला आपली हरकत नाही. बाबासाहेबांचा अनुयायी पुराव्याला घाबरत नाही, पण नियम सगळ्यांना एकच लावा. शिवले घराण्याची परंपरा आणि गोविंद महारांची परंपरा एकाच तराजूत तोला. वढूतली महाराजांची समाधीसुद्धा वा. सी. बेंद्रे यांच्यासारख्या संशोधकाच्या कष्टांमुळे लोकांपुढे आली. तिच्यासाठी जसा शोध झाला तसा गोविंद महारांसाठीही होऊ द्या. जिथे कागद आहे तिथे कागदाचा दाखला लिहा आणि जिथे परंपरा आहे तिथे 'परंपरेनुसार' असं लिहा. दोन परंपरा असतील तर दोन्ही लिहा. रात्रीत फलक उखडणं हे काही इतिहास-संशोधन नव्हे.

काही शहाणे म्हणतात, "फलकांमुळे तेढ वाढते, फलकच नकोत." त्यांनी अमेरिकेकडे पाहावं. १९५५ साली मिसिसिपी राज्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी हाल करून मारलं आणि टॅलाहाची नदीत फेकलं. खुन्यांना गोऱ्या ज्यूरीने निर्दोष सोडलं. २००८ साली त्या नदीकाठी स्मृतिफलक लागला. तो चोरीला गेला. दुसरा लावला, त्याची गोळ्यांनी चाळण झाली. तिसऱ्यावरही गोळ्या झाडल्या. शेवटी २०१९ साली चौथा फलक लावला, तो गोळी न भेदणाऱ्या पोलादाचा. त्या लोकांनी फलक लावणं सोडलं नाही. तेढ फलकाने निर्माण केली नव्हती, ती आधीपासून होतीच. फलकाने ती फक्त उघडी पाडली.

कोरेगावच्या स्तंभाचंही तसंच आहे. त्यावर ४९ मृतांची नावं कोरली आहेत आणि त्यांतली २२ 'नाक' या शेवटाची, म्हणजे महारांची. ती दगडात होती म्हणून टिकली. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले, ते कोणत्या राजवटीचे गोडवे गायला नव्हे. ज्या समाजाला स्वतःच्या पूर्वजांचं नाव कुठेच लिहिलेलं सापडत नव्हतं, त्याला ते दाखवायला गेले.

आता आपल्या दाराशी या. चिखली १९९७ साली महापालिकेत आली. आज इथल्या चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स मावत नाहीत. संतपीठ उभं राहिलं, ते चांगलंच आहे. पण जवळच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने बुद्धमूर्तीची स्थापना केली, म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या जवळपास दोन वर्षं आधी. ही माहिती सांगणारा एक धड फलक चिखलीच्या एखाद्या चौकात का असू नये? महार वतनाच्या जमिनी, त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात मांडलेलं विधेयक आणि १९५८ चा वतन निर्मूलन कायदा हा इथल्या प्रत्येक जुन्या गावाचा इतिहास आहे. जमिनींना सोन्याचा भाव आलेल्या या पट्ट्यात नेमका तोच कुठे लिहिलेला दिसत नाही.

म्हणून आपली मागणी साधी आहे. ऐतिहासिक स्थळांचे फलक शासनाने पुराव्यानिशी लावावेत, मजकूर ठरवणाऱ्या समितीत आपले अभ्यासक असावेत आणि फलकाची मोडतोड झाली तर ठरलेल्या मुदतीत शासनानेच तो पुन्हा उभारावा. तोवर आपण आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडून नावं लिहून घ्यावीत, तलाठी कार्यालयातून जुने फेरफार काढावेत. उद्या कुणी "पुरावा कुठे?" म्हणून विचारलं, तर तो आपल्या हातात असला पाहिजे.

जय भीम! जय संविधान!