अंतर नव्हे, सराव मोजा

समुपदेशन मानसशास्त्रात दूरशिक्षणाने पदव्युत्तर पदवी घेण्याचा रस्ता विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट 2025च्या सत्रापासून बंद केला. आरोग्यसेवेशी संलग्न व्यवसायांचे नियमन करणाऱ्या 2021च्या कायद्याखाली येणारे विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायचे नाहीत, असा हा निर्णय आहे आणि त्यात मानसशास्त्राचा नावानिशी उल्लेख आहे. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठामुळे कोणत्याही शाखेचा पदवीधर नोकरी-संसार सांभाळून या विषयात एम.ए. करू शकत होता. शाळेतले शिक्षक, समाजकार्यकर्ते, मुले मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्या गृहिणी यांना हा मार्ग सोयीचा होता. निर्णयामागची चिंता खरी आहे. पण उपाय चुकीच्या जागी झाला आहे.

आधी चिंतेबद्दल. समुपदेशन हे ऐकण्याचे कसब आहे आणि ते पोस्टाने आलेल्या पुस्तकातून येत नाही. समजा, बारावीतली मुलगी म्हणते, ‘मला घरी जावंसंच वाटत नाही.’ नवखा समुपदेशक चटकन म्हणतो, ‘असं बोलू नये, आईवडिलांना काय वाटेल?’ संवाद तिथेच संपतो. पुस्तकातली सहानुभावाची व्याख्या त्यालाही तोंडपाठ असते. पण संवादाची शब्दशः नोंद समोर ठेवून ‘या वाक्यानंतर ती गप्प का झाली?’ असे विचारणारा अनुभवी मार्गदर्शक असल्याशिवाय ही चूक दिसत नाही, मग सुधारणार कुठून? आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या माणसाला कोणते प्रश्न विचारायचे, मनोविकारतज्ज्ञाकडे केव्हा पाठवायचे, हेही असेच देखरेखीखाली शिकावे लागते. अर्धकच्च्या मदतीने नुकसान होते, हा आक्षेप मान्यच केला पाहिजे.

मात्र मग कसोटीही सरावाचीच हवी. रोज वर्गात बसून मिळवलेल्या पदवीतही प्रत्यक्ष सराव नावापुरताच असू शकतो. त्या पदवीला या बंदीची झळ लागत नाही. उलट, दूरस्थ अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक, इंटर्नशिप आणि प्रकल्प सक्तीचे असू शकतात, इग्नूच्या एम.ए.मध्ये ते होतेच. त्यांची तपासणी ढिली असेल, प्रमाणपत्रावर सहजासहजी सह्या होत असतील, तर तपासणी कडक करायला हवी होती. व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत, विकासात्मक मानसशास्त्र, संख्याशास्त्र, संशोधनपद्धती हे विषय घरी बसून उत्तम शिकता येतात. सरावातली उणीव पाहून सिद्धांताचाही दरवाजा लावून घेणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

वैद्यकीय पदवी दूरशिक्षणाने देत नाहीत, मग ही का द्यावी, असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे, पण मानसशास्त्राच्या प्रत्येक एम.ए.धारकाला उपचार करायचे नसतात. कुणी शाळेत, कुणी मनुष्यबळ विभागात, कुणी संशोधनात जातो. शिवाय क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद आधीपासून वेगळी करते, नुसत्या एम.ए.वर ती मिळत नाही. म्हणजे पदवी आणि व्यवसायाचा परवाना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची वाट आपल्याकडे मळलेली आहे. समुपदेशकांनाही तोच नियम लावावा: पदवी दूरस्थ चालेल, पण देखरेखीखालच्या प्रत्यक्ष सरावाचे ठरावीक तास पूर्ण केल्याशिवाय नोंदणी नाही. वर्गात बसून शिकलेल्यालाही त्यातून सूट नको.

गरज किती आहे, हेही पाहायला हवे. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 12 राज्यांत केलेल्या 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक आजार आढळला. गंभीर आजार असलेल्यांपैकीही 70 टक्क्यांहून अधिक लोक उपचारांपासून दूर होते. जुलै 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे त्यांत आहे. एकीकडे न्यायालय समुपदेशक नेमा म्हणते आणि त्याच महिन्यात आयोग ते घडवण्याचा एक मोठा मार्ग बंद करायचे ठरवतो. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या शाळांना हे समुपदेशक मिळणार कुठून? पुण्या-मुंबईत शिकलेले सगळे तिकडे जातील, या आशेवर धोरण आखता येत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: देखरेख करायला इतके तज्ज्ञ आहेत कुठे? ते कमी आहेत, म्हणूनच जागा त्यांच्या संख्येशी बांधाव्यात. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालये, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची पथके यांना अधिकृत सराव केंद्रे करावे. ज्या जिल्ह्यात जितक्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शक मिळेल, तितकेच प्रवेश तिथे द्यावेत आणि मार्गदर्शकांना त्या कामाचे मानधन द्यावे. प्रवेश कमी झाले तरी चालतील. ते शून्यावर आणणे परवडणारे नाही. आयोगाने ही सरसकट बंदी मागे घ्यावी आणि तिच्या जागी सरावाच्या तासांची कडक अट आणावी.