डिजिटल कलेची पदवी: शिकवायचे काय?

बारावीचा निकाल लागला की ॲनिमेशन आणि व्हीएफएक्सच्या जाहिराती सुरू होतात. ‘नोकरीची हमी’ हे शब्द सर्वांत मोठे. कर्ज काढून तीन वर्षांची फी भरणाऱ्या घरांनी या हमीच्या आत काय आहे, ते पाहावे असे आम्हास वाटते.

अनेक ठिकाणी अभ्यासक्रम म्हणजे सॉफ्टवेअरच्या नावांची यादी असते. एका सत्रात फोटोशॉप, पुढच्या सत्रात माया. फ्लॅश एके काळी अशाच वर्गांचा कणा होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅश प्लेअर बंद केला. ज्यांना चित्र आणि हालचाल कळत होती ते दुसऱ्या साधनाकडे वळू शकले; ज्यांना फक्त बटणे ठाऊक होती त्यांची पंचाईत झाली. उर्दू छपाईत संगणक आला तेव्हा कातिबांची रोजी गेली हे खरे, पण १९८१ चे नूरी नस्तालीक कातिबाने हाताने लिहिलेल्या हजारो अक्षरजोडांवरूनच तयार झाले.

आता उद्योगाला हवे तेच शिकवा, असे म्हटले जाते. हेही अर्धेच खरे आहे. स्टुडिओत नवख्याला बहुधा रोटोवर बसवतात. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम. प्रत्येक फ्रेममध्ये माणसाची कड कापून वेगळी करायची. आज भरती याच कामाची, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता शिरते आहे तीही आधी याच कामात! शिवाय यातले पुष्कळ काम परदेशी चित्रपटांचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर कोसळली तेव्हा मुंबई-बंगळुरूतील कारागीर एका झटक्यात रस्त्यावर आले.

म्हणून पहिले वर्ष पेन्सिल, प्रकाश, शरीररचना आणि कॅमेऱ्याला द्यावे. दुसऱ्या वर्षी मुलांनी गट करून एक छोटी फिल्म पुरी करावी. कामाची वाटणी, ठरलेली तारीख आणि परत आलेल्या शॉटची दुरुस्ती, सगळे स्टुडिओसारखे. मुले नोकरीत अडतात ती याच दुरुस्तीपाशी. शिकवायला आठवड्यातून दोन संध्याकाळी तरी चालू कामावरचा माणूस यावा. तिसऱ्या वर्षी प्रत्यक्ष काम. नव्या शैक्षणिक धोरणाने महाराष्ट्रात त्यासाठी श्रेयांकही ठेवले आहेत. महागड्या सॉफ्टवेअरची सबब चालणार नाही. २०२५ चा ऑस्कर मिळवणारी ‘फ्लो’ ही ॲनिमेशन फिल्म ब्लेंडर या फुकट सॉफ्टवेअरवर बनली आहे. उलट यंत्रखरेदीचे पैसे चांगल्या शिक्षकावर खर्च करावेत.

पालकांनी प्रवेशाआधी मागच्या तुकडीच्या मुलांच्या शोरील पाहायला मागाव्यात. कोण कुठे लागले, किती पगारावर लागले आणि वर्षभराने तिथेच आहे का, हेही विचारावे. टाळाटाळ झाली तर पैसे भरू नयेत.